अमूर्त तैलचित्र विकताना साहित्याची नोंदही द्या

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की मुंबईत चित्रप्रदर्शनांचा हंगाम सुरू होतो. काळाघोड्याच्या जहांगीर कलादालनात दर मंगळवारी नवी चित्रे भिंतीवर चढतात. वरळीच्या नेहरू सेंटरपासून वांद्र्याच्या बॉम्बे आर्ट सोसायटीपर्यंत दालने गजबजतात. नोकरदार घरांतूनही आता एखादे मोठे अमूर्त तैलचित्र विकत घेतले जाते, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र विक्रीच्या यादीत शीर्षक, आकार, 'ऑइल ऑन कॅनव्हास' हे तीन शब्द आणि किंमत एवढेच असते. चित्र कोणत्या कापडावर आहे, अस्तर (कापडावर रंगाआधी दिलेला पायाचा लेप) कशाचे, रंगात तेल किती, शेवटचा हात कधी फिरला, वॉर्निश आहे की नाही, यातले काहीच खरेदीदाराच्या हाती लागत नाही. प्रत्येक विक्रीबरोबर ही नोंद एका कागदावर लेखी द्यावी आणि ग्राहकांनी ती मागून घ्यावी, एवढ्यासाठी हे पत्र.

कागदाचा आग्रह अमूर्त चित्राबाबत अधिक का, ते आधी सांगतो. व्यक्तिचित्रात पार्श्वभूमीचा तुकडा खराब झाला तर जाणकार हात तो बेमालूम भरून काढू शकतो. अमूर्त चित्रात पृष्ठभाग हाच विषय असतो. एकाच राखाडी छटेच्या 3 फुटांच्या पट्ट्यावर नखाचा ओरखडा उठला, तर तेवढ्याच जागी लावलेला नवा रंग कितीही जुळवला तरी तिरप्या उजेडात वेगळा चमकतो. शिवाय या चित्रांत रंग लावण्याच्या रीती फार निराळ्या. चित्रकार वासुदेव गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या सुरीने, रंग पसरवत, कागदाच्या कपट्यांनी तो दाबत आणि उचलत. चित्रकार प्रभाकर बरवे यांनी एनॅमल रंगात कॅनव्हास रंगवले आणि त्यांच्या चित्रांखाली तसे स्पष्ट लिहिलेही जाते. आजचे चित्रकार तैलरंगात वाळू, मेण, संगमरवराची भुकटी मिसळतात, खाली अ‍ॅक्रिलिक आणि वर तेल असे थर देतात. यात गैर काही नाही. पण ते लिहिलेले नसेल, तर 15 वर्षांनी दुरुस्तीला बसणाऱ्याला कोणता द्रव चालेल आणि कोणता रंगच विरघळवेल, हे अंदाजाने ठरवावे लागते.

तैलरंग पाण्यासारखा उडून जाऊन वाळत नाही. त्यातले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेते आणि हळूहळू घट्ट होते. पातळ थर काही दिवसांत हाताला कोरडा लागतो. सुरीने लावलेला अर्धा इंच जाडीचा थर मात्र वरून साय धरतो आणि आतून कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षे, ओला राहतो. ऑगस्टमध्ये रंगवलेले जाड चित्र नोव्हेंबरच्या प्रदर्शनात विकले जात असेल, तर ते अजून वाळतेच आहे असे समजावे. पावसाळ्यातल्या दमट हवेत रंग आणखी सावकाश वाळतो. म्हणून पहिला प्रश्न एवढाच: शेवटचा थर कधी लावला? वर्ष नको, महिना हवा. पारंपरिक वॉर्निश लावण्याआधी किमान सहा महिने ते वर्ष जावे लागते. ते आधी लावले तर खालच्या रंगात अडकते. पुढे वॉर्निश काढायची वेळ आली की रंगही सोबत निघतो.

दुसरा प्रश्न थरांचा. तैलरंगाचा जुना नियम असा की खालचा थर पातळ आणि कमी तेलाचा, वरचा प्रत्येक थर त्याहून जास्त तेलाचा. उलटे झाले, म्हणजे खाली तेलकट रंग आणि वर टर्पेंटाइन घालून पातळ केलेला रंग आला, तर वरचा आधी आखडतो, खालचा अजून हलत असतो आणि वरची कातडी फाटते. या भेगा रुंद असतात, त्यांच्या कडा गोलसर असतात आणि फटीतून खालचा रंग दिसतो. अमूर्त चित्रात एकाच जागी आठ-दहा वेळा रंग चढवणे, खरवडणे, पुन्हा चढवणे चालते, त्यामुळे हा दोष इथे जास्त आढळतो. अंबर वर्गातले मातकट रंग लवकर वाळतात. आयव्हरी ब्लॅक आणि अ‍ॅलिझरिन क्रिमसन फार सावकाश वाळतात. काळ्या जाड थरावर लवकर वाळणारा मातकट रंग चढवला असेल, तर भेगांची शक्यता सर्वाधिक. ग्राहकाने चित्रकाराला विचारायला संकोचू नये: काळ्यावर काय आहे, आणि मध्ये किती दिवस गेले?

याच्या उलट दोष टर्पेंटाइनच्या अतिवापराचा. रंग इतका पातळ करून ओतला जातो की कणांना धरून ठेवायला तेल उरत नाही. पृष्ठभाग खडूसारखा कोरडा होतो आणि बोट फिरवले तर रंग बोटाला लागतो. अर्थात दालनात बोट फिरवू नये. विक्रेत्याकडूनच कोरड्या कापसाचा हलका स्पर्श एका कोपऱ्यावर करून घ्यावा. कापसाला रंग लागला तर चित्र घरी नेण्याआधी चित्रकाराशी बोललेच पाहिजे.

पांढऱ्या रंगाकडे विशेष लक्ष द्यावे, कारण अमूर्त चित्रात तो भरपूर असतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो. पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटेनियम, पीडब्ल्यू 4 म्हणजे झिंक. झिंकचा थर काही वर्षांनी ठिसूळ होतो आणि पापुद्र्यासारखा सुटतो, हे संग्रहालयांतल्या तज्ज्ञांनी चांगले तपासलेले आहे. अडचण अशी की 'टायटेनियम व्हाइट' नावाने विकल्या जाणाऱ्या कित्येक ट्यूबमध्येही झिंक मिसळलेले असते. म्हणून नाव न वाचता क्रमांक वाचावा. लाल रंगात पीआर 83, म्हणजे खरे अ‍ॅलिझरिन क्रिमसन, उजेडात फिके पडते. विशेषतः पांढऱ्यात मिसळून गुलाबी केलेले असेल तर लवकरच. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन घराण्यातला पीव्ही 19 टिकतो. प्रकाशात टिकण्याची जी अमेरिकी मानकश्रेणी ट्यूबवर छापतात, तिच्यात 1 आणि 2 चित्रासाठी चालतात, 3 आणि त्यापुढचे नकोत. फ्लुओरेसंट रंग तर कोणत्याही नावाने आला तरी उडतोच. चित्रकाराने वापरलेल्या ट्यूबच्या मागच्या बाजूचे मोबाइलवर फोटो काढून ठेवले तरी नोंदीचे अर्धे काम झाले.

आता चित्राची मागची बाजू. ती न पाहता चित्र घेऊ नये. लपवण्यासारखे काही नसेल तर विक्रेता चित्र आनंदाने उलटवून दाखवतो. कापड सुती आहे की लिनन, ते विणीवरून कळते. लिननच्या धाग्यात जाड-बारीक गाठी असतात, सुती कापड एकसारखे असते. सुती वाईट असे मुळीच नाही. चांगल्या वजनाचे, साधारण 10 ते 12 औंसांचे घट्ट विणीचे सुती कापड नीट अस्तर लावून वापरले तर उत्तम चालते. मागून तेलाचे पिवळट-तपकिरी डाग आरपार दिसत असतील, तर अस्तर अपुरे आहे. जवसाचे तेल थेट धाग्यात गेले की धागा कुजतो आणि काही वर्षांत कापड बोटाने टोचले तरी फाटते. हल्ली बहुतेक जण अस्तर म्हणून अ‍ॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे तयार पांढऱ्या लेपाचे, दोन-तीन हात देतात. मुंबईच्या हवेत ते बरे पडते. प्राण्यांच्या कातड्याच्या सरसावर केलेले जुन्या पद्धतीचे अस्तर पावसाळ्यात पाणी शोषून फुगते आणि हिवाळ्यात आखडते. वरचा तैलरंग दोन्ही हालचाली सोसू शकत नाही.

कापड ज्यावर ताणून बसवतात तो लाकडी सांगाडा दोन प्रकारचा असतो. एकाचे कोपरे खिळ्यांनी किंवा डिंकाने पक्के केलेले असतात. दुसऱ्याच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन अशा आठ पाचरी असतात आणि त्या ठोकून कापडाचा ताण वाढवता येतो. 3 फुटांहून मोठ्या चित्राला पाचरींचा सांगाडा आणि मधली आडवी पट्टी हवीच, नाहीतर लाकूड आत वाकते. लाकडाची आतली कड तासून उतरती केलेली असावी. ती सपाट असेल तर कापड लाकडाला टेकते आणि काही वर्षांत चित्रावर पट्टीच्या रेषेतच सरळ भेग उमटते. लाकडावर बारीक भोके आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर ते किडीचे लक्षण. असे चित्र घरातल्या फर्निचरलाही कीड लावेल.

मग मोबाइलचा टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरून चित्रावरून फिरवावा. अंगठ्याने किंवा कोपराने मागून लागलेला धक्का कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल भेगांतून दिसतो. पापुद्रे सुटले असतील तर त्यांची सावली पडते. सुरकुत्या दिसल्या तर वरचा तेलकट थर आधी वाळून आतला मागे राहिला, असे समजावे. काही जागा निस्तेज आणि काही चमकदार असतील तर घाबरू नये. खालच्या थराने तेल ओढून घेतल्याने असे होते आणि चित्रकार स्वतः ते सुधारू शकतो.

हाच टॉर्च आणखी एका कामाचा. कॅनव्हासवर छापलेली प्रत घेऊन तिच्यावर पारदर्शक जेलचे जाड फटकारे ओढायचे आणि ती तैलचित्र म्हणून विकायची, हा प्रकार बाजारात आहे. अमूर्त चित्रात तो चटकन ओळखू येत नाही, कारण ताडून पाहायला डोळे, हात, झाडाची पाने असे काही नसते. पण खऱ्या चित्रात जिथे सुरी थांबली तिथे रंगाची कड उंचावते आणि छटाही तिथेच बदलते. छापील प्रतीवर जेलचा उंचवटा एकीकडे धावतो आणि रंगाची सीमा दुसरीकडे. 10 पट मोठे दाखवणारे भिंग शे-दोनशे रुपयांना मिळते. त्यातून रंगाच्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. सांगाड्यावर दुमडलेली कड बघावी. हाताने रंगवलेल्या चित्रात तिथे खालच्या थरांचे ओघळ, पुसल्याच्या खुणा, जेसोची कड सापडते. छापील प्रतीत रंग सरळ रेषेत संपतो किंवा चित्र आरशासारखे उलटून कडेवर छापलेले असते. स्पिरिट लावून तैलरंग की अ‍ॅक्रिलिक ते तपासा असा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. त्याने चित्राचे नुकसान होते.

बिलावर एक गोष्ट आवर्जून बघावी. जीएसटीच्या वर्गीकरणात 9701 हा क्रमांक पूर्णपणे हाताने केलेल्या चित्रांचा आहे. नोंदणीकृत विक्रेत्याने हा क्रमांक बिलावर घातला, म्हणजे चित्र हाताने रंगवलेले असल्याचे त्याने लेखी कबूल केले. त्यावरचा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. ज्या चित्रकाराची जीएसटी नोंदणीच नाही, त्याला कर लावता येत नाही. त्याचे साधे सहीचे बिल चालते. किंमत बहुधा चौरस इंचावर काढली जाते. समजा दर 60 रुपये आहे, तर 36 बाय 48 इंचांच्या 1,728 चौरस इंचांचे 1,03,680 रुपये आणि 5 टक्के कर धरून 1,08,864 रुपये. त्यातला एक तृतीयांश ते निम्मा वाटा दालनाचा असू शकतो. तो रास्तच आहे, कारण जागा, उजेड, छपाई, विमा सारे त्यातून भागते. पण एवढी रक्कम घेणाऱ्याने नोंदीचा एक कागद देणे अवघड नाही. 2013 च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात गायतोंडे यांच्या चित्राला 23.7 कोटी रुपये मिळाले आणि अमूर्त चित्र म्हणजे गुंतवणूक अशी हवा तयार झाली. ज्यांना तसे वाटते त्यांनी तर कागदाचा आग्रह दुप्पट धरावा. चित्राच्या पुढच्या विक्रीत सर्वात आधी तोच मागितला जातो. आणि प्राप्तिकराच्या नियमांत चित्र हे घरातल्या वैयक्तिक वस्तूंत मोडत नाही, विकून नफा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

कायद्याच्या आणखी दोन बाबी. चित्र विकत घेतल्याने त्याचा कॉपीराइट मिळत नाही. ते कॅलेंडरवर, कपड्यांवर, कंपनीच्या जाहिरातीत छापायचे तर चित्रकाराची लेखी परवानगी लागते. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 ने कलाकृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क चित्रकाराकडे ठेवला आहे. सोफ्याच्या मापात बसावे म्हणून चित्राच्या कडा दुमडून लहान सांगाड्यावर चढवणे हा प्रकार घरसजावटीच्या कामांत घडतो. तो चुकीचा तर आहेच, शिवाय दुमडलेल्या जागी रंग हमखास तडकतो. कलम 53 अ नुसार 10,000 रुपयांवरच्या फेरविक्रीत चित्रकाराला वाटा मागता येतो, त्याची कमाल मर्यादा 10 टक्के आहे.

चित्र पसंत पडले की आधी घराची मापे घ्यावीत. भिंतीचे माप सगळे घेतात. लिफ्टचे दार, आतली उंची आणि जिन्याचे वळण कुणी मोजत नाही. 5 बाय 4 फुटांचे चित्र जुन्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मावत नाही, मग ते तिरपे कोंबले जाते आणि कोपरा चेपतो. बांधताना रंगाच्या बाजूला बबल रॅप थेट लावू नये. बुडबुड्यांचे गोल ठसे ताज्या रंगावर कायमचे उमटतात. वर्तमानपत्र तर नकोच, शाई उतरते. सिलिकॉनचा लेप असलेला न चिकटणारा कागद, चारही कोपऱ्यांना जाड पुठ्ठ्याचे कोन, वर पुठ्ठा आणि मग बुडबुडे बाहेर ठेवून बबल रॅप, हा क्रम ठेवावा. रंग जाड आणि ताजा असेल तर कागदही टेकू न देता उथळ खोक्यात न्यावे. टेम्पोत चित्र उभे ठेवावे, आडवे टाकून वर सामान रचू नये. दोघांनी दोन्ही उभ्या बाजू धरून उचलावे. बोटे लाकूड आणि कापड यांच्या फटीत घालू नयेत. कॅनव्हास गुंडाळून परगावी पाठवायचा असेल तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर गुंडाळावा, आणि जाड थरांचे चित्र गुंडाळूच नये.

मुंबईच्या घरात चित्राचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची भिंत. पश्चिमेकडची बाहेरची भिंत पावसात ओल धरते आणि चित्रामागे हवा खेळत नाही. आर्द्रता 65-70 टक्क्यांवर गेली आणि हवा कोंडली की कापडावर बुरशी धरते. म्हणून आतल्या खोलीची, मागे न्हाणीघर नसलेली भिंत निवडावी. सांगाड्याच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा बुचाचे जाड तुकडे चिकटवावेत, म्हणजे मागे बोटभर हवा राहते. देवघरातल्या समई-उदबत्तीचा धूर आणि फोडणीची वाफ पोचेल अशी जागा टाळावी. ही काजळी वॉर्निश नसलेल्या रंगात शिरते आणि मग निघत नाही. एसीचा झोत अंगावर नको. रात्री थंड कोरडी हवा आणि दिवसा बंद घरातली दमट हवा असे रोजचे हेलकावे चित्राला सततच्या थोड्या दमटपणापेक्षा जास्त घातक. मोठ्या चित्राला दोन आधार द्यावेत. काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून गिट्टी बसवावी आणि स्क्रू लावावा, नुसत्या खिळ्यावर भरवसा ठेवू नये.

पावसाळ्यात कापड सैल पडले म्हणून लगेच पाचरी ठोकल्या जातात. तसे करू नये. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की कापड आपोआप ताणले जाते. त्यात ठोकलेल्या पाचरींच्या ताणाची भर पडली की कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. मागून पाणी शिंपडून कापड ताणण्याची युक्ती तर त्याहून वाईट. हिवाळ्यातही सैल राहिलेच, तर पाचर आणि कापड यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवून हातोडीने हलके टिचके द्यावेत, प्रत्येक कोपऱ्याला सारखे.

बुरशी दिसली तर चित्र इतर चित्रांपासून वेगळे करावे. पंख्याच्या मंद हवेत, सावलीत, उभे करून वाळवावे. उन्हात ठेवू नये, जंतुनाशक फवारू नये, ओल्या फडक्याने पुसू नये. फडक्याने बुरशीचे बीज पसरते आणि आजच्या ट्यूबमधले काही तैलरंग नुसत्या पाण्यानेही सुटतात. पूर्ण वाळल्यावर मास्क लावून मागची पांढरी भुकटी मऊ ब्रशने झटकावी, रंगाची बाजू जाणकारावर सोडावी. एरवीची धूळही कोरड्या, मऊ, रुंद ब्रशनेच काढावी. कापलेला बटाटा, पाव, कांदा फिरवण्याचे उपाय अजूनही सांगितले जातात. त्यांतला ओलावा आणि अन्नाचे कण रंगाच्या खाचांत राहून बुरशीला खाद्य होतात.

जुन्या तैलचित्रातला पांढरा पिवळा पडला की लोक ते खराब झाले समजतात. कपाटात, अंधारात ठेवलेले जवसाचे तेल पिवळते. काही आठवडे ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी ठेवले तर बराचसा पिवळेपणा उतरतो. फ्रेमवाल्याला एक सूचना लेखीच द्यावी: वॉर्निश मारू नये. चित्रकाराने मुद्दाम राखलेला मंद, कोरडा पृष्ठभाग चकचकीत करून दिला, तर छटांतली सगळी अंतरे बदलतात आणि चित्र दुसरेच होते. तैलचित्राला काचही नको. जाड थराच्या चित्राला भोवती थोडी फट ठेवून मागून स्क्रूने बसवलेली फ्लोटर चौकट सर्वात सोयीची.

तर त्या कागदावर काय असावे? कापडाचा प्रकार, अस्तर, वापरलेले तेल, रंग कोणत्या कंपनीचे ते आणि रंगद्रव्यांचे क्रमांक, तेलाखेरीज काही मिसळले असेल तर ते, चित्र पुरे झाल्याचा महिना, वॉर्निश आहे का आणि कोणते, नसेल तर नंतर लावायचे की मुद्दाम लावलेले नाही, आधी काही दुरुस्ती झाली असेल तर ती. उंची आधी आणि रुंदी नंतर लिहावी. अमूर्त चित्रात वरची बाजू कोणती, हा प्रश्न दहा वर्षांनी खरोखर उभा राहतो, म्हणून मागे बाण हवाच. कित्येक चित्रांचे शीर्षक 'अनटायटल्ड' असल्याने पुढचा आणि मागचा फोटो त्या कागदावर चिकटवावा, त्यावर चित्रकाराची सही असावी. हे मार्करने कापडाच्या मागे लिहू नये. शाई कालांतराने पुढे उमटते आणि बॉलपेनच्या दाबाने रंग तडकतो. लाकडावर मऊ पेन्सिलने नाव आणि बाण, आणि कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून लाकडालाच अडकवलेला, कापडाला नाही.

दालनांनी भाड्याच्या अर्जासोबतच हा कागद मागितला तर महिन्याभरात सवय लागेल. सर ज. जी. कलाशाळेसारख्या 1857 पासून चालत आलेल्या संस्थेने आणि राज्यातल्या इतर कलाशाळांनी अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्रामागे ही नोंद सक्तीची करावी. आपल्या दैनिकानेही प्रदर्शनाच्या वृत्तात माध्यमाची ओळ नेमकी छापावी, ही विनंती. आणि ज्यांच्या घरी अशी चित्रे आधीच आहेत, त्यांनी बिलावरचा पत्ता शोधून चित्रकाराला याच महिन्यात विचारावे. दहा मिनिटांच्या बोलण्यात तो सगळे सांगू शकतो. ऐकलेले उतरवून, तारीख घालून, त्याच्याकडून सही घेऊन चित्रामागे ठेवावे.

आपले नम्र,
चित्रांचे सांगाडे, चौकटी आणि दुरुस्तीचे काम करणारे दोघे वाचक,
गिरगाव, मुंबई